सवीर्यतावधी आणि रासायनिक क्रियांचा वेग

निदान अचूक, कल्प योग्य, मात्रा यथोचित, पथ्यपालनही ठीक. तरीही अपेक्षित उपशय मिळत नाही, असा अनुभव प्रत्येक वैद्यास येतो. अशा वेळी आपण संप्राप्तीचा पुनर्विचार करतो, मात्रा वाढवितो किंवा कल्प बदलतो. मात्र रुग्णाच्या हाती पडलेले औषध त्या दिवशी सवीर्य होते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर रासायनिक क्रियांच्या वेगात दडलेले आहे.

शार्ङ्गधराचार्यांनी वनस्पतिद्रव्याची सवीर्यता एक वर्ष, चूर्णाची दोन महिने आणि गुटिका व लेह यांची पुन्हा एक वर्ष सांगितली आहे. द्रव्य तेच असताना एवढा फरक का? एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच ०.१ मिलिमीटर बाजूचे कण केल्यास एकूण पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे शंभरपट होते. हवेतील प्राणवायू व आर्द्रता यांना क्रियेसाठी तेवढी जागा मोकळी मिळते. शिवाय चूर्णनाने पेशी फुटून बाष्पनशील तैले उघडी पडतात. गुटिका वळली की हेच पृष्ठफळ पुन्हा घटते.

दुसरा घटक उष्णता. १८५० मध्ये विल्हेल्मी यांनी आम्लाच्या सान्निध्यात साखरेचे विघटन किती वेगाने होते, हे मोजले. १८८९ मध्ये अऱ्हेनियस यांनी तापमान व वेग यांचा संबंध सूत्रबद्ध केला. पुरेशी ऊर्जा असलेले रेणूच क्रियेत भाग घेतात व तापमान थोडे वाढले तरी अशा रेणूंची संख्या बरीच वाढते. स्थूलमानाने १० अंश सेल्सिअस वाढीस अनेक क्रियांचा वेग दुप्पट ते चौपट होतो. वेग दुप्पट धरला, तरी ३० अंशांवर वर्षभरात होणारा ऱ्हास ४० अंशांवर सहा महिन्यांतच होईल. प्रत्येक द्रव्याचे प्रमाण भिन्न असले, तरी विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालील गोदामात काय घडत असेल, याची कल्पना यावरून यावी.

तिसरा घटक आर्द्रता. त्रिफळ्यातील हरीतकीच्या चेब्युलॅजिक आम्लासारख्या घटकांचे विघटन पाण्याच्या साहाय्याने होते व त्यातून गॅलिक आम्ल सुटते. लवण किंवा क्षारयुक्त चूर्णे तर कोकणातील पावसाळ्यात स्वतःच ओलावा ओढून घेतात. चौथा घटक प्रकाश व धातूंचा अंश. तैल-घृतांचे खवट होणे ही प्राणवायूशी होणारी क्रिया असून प्रकाश, तसेच तांबे व लोह यांचे सूक्ष्म अंश तिला गती देतात. अर्धी रिकामी बाटली म्हणजे आत कोंडलेला प्राणवायूच होय.

आसवारिष्टांचे गणित निराळे आहे. तेथे साखरेचे विघटन किण्वातील एन्झाइम घडवितात. तापमान वाढले की हा वेगही वाढतो; परंतु एका मर्यादेपलीकडे एन्झाइम व किण्व दोन्ही निकामी होतात. संधानपात्र धान्यराशीत किंवा जमिनीत ठेवण्याच्या परंपरेमागील मर्म, तापमान स्थिर राखणे, हेच दिसते. पुढे स्वयंजनित मद्यार्क व आम्लता जंतूंची वाढ रोखतात. म्हणून शास्त्राने जुनी आसवे गुणवान मानली.

निर्मितीत आपण याच नियमांचा उपयोग वेग वाढविण्यासाठी करतो. मर्दनाने पृष्ठफळ वाढते, पुटाने उष्णता मिळते. साठवणीत मात्र तोच वेग मंदावणे आवश्यक आहे.

औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांतील १६१-ब नुसार वेष्टनावर मुदत छापली जाते. ती मुदत मोहोरबंद वेष्टनासाठी समजावी. डबा उघडून दिवसातून दहा वेळा चमचा घातला की नवे घड्याळ सुरू होते. यास्तव औषधालयात पुढील दक्षता घ्यावी:

१. चूर्णे लहान वेष्टनांत घ्यावीत व डब्यावर उघडल्याची तारीख लिहावी.
२. पश्चिमेच्या उन्हात येणाऱ्या काचेच्या कपाटात औषधे ठेवू नयेत. तापमापक व आर्द्रतामापक लावावा.
३. तैले गडद रंगाच्या, भरलेल्या बाटल्यांत ठेवावीत.
४. साध्या कागदाच्या पुड्या पावसाळ्यात आठवड्याहून अधिक दिवसांसाठी देऊ नयेत.
५. आधी आलेला माल आधी वापरावा.

उपशय न मिळाल्यास संप्राप्तीबरोबर बरणीचीही परीक्षा करावी. गंध, वर्ण व रस यांतील बदल जिव्हा आणि नासिका सांगतात. मात्र वीर्य त्यापूर्वीच घटलेले असू शकते. रुग्ण औषधाचे मूल्य देतो ते वीर्यासाठी, वजनासाठी नव्हे.