अर्धीच छापलेली सोनाटा

1740च्या सुमारास पॅरिसमध्ये ल क्लेर आणि बुआव्हाँ या प्रकाशकांनी चेलोसाठीच्या सहा सोनाटा छापल्या. रचनाकार होता व्हेनिसचा अँतोनिओ विवाल्दी. वय साठीच्या पुढे, पूर्वीची मागणी ओसरलेली. 1741च्या जुलैत तो व्हिएन्नात वारला. या संचाला पुढे चिकटलेला 'ओपस 14' हा क्रमांकही त्याचा नव्हे.

चेलोला तेव्हा प्रतिष्ठा नव्याने मिळत होती. 1740मध्येच ह्युबेर ल ब्लां या फ्रेंच वकिलाने व्हिओल या जुन्या वाद्याची बाजू घेत व्हायोलिन आणि चेलोवर आगपाखड करणारं अख्खं पुस्तक लिहिलं. चेलोचं काम खर्ज धरण्याचं, त्याने पुढे येऊन गावं कशाला, अशी ही कुरकुर. पण इटलीत ही गोष्ट कधीच घडून गेली होती. बोलोन्यात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आतड्याच्या तारेवर धातूची बारीक तार गुंडाळण्याची युक्ती रुळली. जाडजूड तारेवाचून खर्ज मिळू लागला, वाद्याचा आकार आटोपशीर झाला आणि बोटं मोकळी धावू लागली. तिथल्याच दोमेनिको गाब्रिएल्लीने 1690मध्ये वारण्यापूर्वी चेलोला स्वतंत्र रचना देऊन ठेवल्या होत्या.

विवाल्दीच्या आज उपलब्ध असलेल्या नऊ चेलो सोनाटांपैकी सर्वांत लाडकी ई मायनरमधली, सूचीक्रमांक आरव्ही 40. संथ, जलद, संथ, जलद असे चार भाग. प्रत्येक भागाचे दोन तुकडे, प्रत्येक तुकडा दोनदा वाजवायचा. दुसऱ्या खेपेला वादकाने स्वतःची नक्षी घालावी, अशी तेव्हाची रीत.

खरी गंमत खालच्या ओळीत आहे. चेलोच्या सुरावटीखाली असतो फक्त खर्जाचा एक पदर: बास्सो कंटिन्युओ. त्याच्या स्वरांवर आकडे घालण्याची पद्धत होती. 'जी' या स्वरावर 6 असेल, तर हार्पसिकॉर्डवाल्याने त्यापासूनचा तिसरा 'बी' आणि सहावा 'ई' जोडायचा. हे स्वर एकदम दाबायचे की उलगडत न्यायचे, मध्ये एखादी लकेर टाकायची की गप्प बसायचं, याबद्दल कागद मुका. आपल्याकडे मैफलीत पेटीवाल्याला असते तशी ही मुभा, फक्त त्याला गायकामागे जायचं असतं आणि इथे सुरावटीखालची जमीन घालायची असते. खर्जाची ओळ बहुधा दुसरा चेलो वाजवतो. म्हणजे एका चेलोची म्हणवणारी सोनाटा प्रत्यक्षात तिघांची.

पुढच्या काळाला हे मोकळेपण झेपलं नाही. फ्रेंच संगीतकार व्हँसाँ दँदीने 1922 साली हीच सोनाटा तंतुवाद्यांच्या ताफ्यासह कॉन्चेर्टो म्हणून मांडली. ती लोकप्रिय झाली. पण विवाल्दीने मोकळी सोडलेली जागा तिथे दँदीच्या स्वरांनी कायमची भरली गेली. वाद्यशिक्षणाच्या सुझुकी पद्धतीतल्या चेलोच्या पाचव्या पुस्तकात ही सोनाटा आहे, म्हणून जगभरची मुलं ती शिकतात, तीही पियानोचा भाग एकेक स्वर लिहून दिलेला.

चेलोवादक क्रिस्तोफ क्वँ आणि हार्पसिकॉर्डवादक ख्रिस्तोफर हॉगवूड यांचं या सोनाटाचं ध्वनिमुद्रण मिळालं तर तिसरा भाग दोनदा ऐका, आणि दुसऱ्यांदा लक्ष चेलोवरून काढून खालच्या ओळीवर ठेवा.