फी टेबलावरची आणि पाकिटातली

नोव्हेंबर 2017 च्या अखेरीस प्राप्तिकर खात्याची पथकं बंगळुरूतल्या पाच डायग्नॉस्टिक सेंटरवर आणि दोन आयव्हीएफ केंद्रांवर जाऊन धडकली. कागद चाळताना त्यांच्या हाती लागलं ते वैद्यकीय वर्तुळात सगळे दबक्या आवाजात बोलत होतेच. आता ते सरकारी निवेदनात आकड्यांसकट आलं. एमआरआयला पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरला 35 टक्के, सीटी स्कॅन आणि इतर तपासण्यांना 20 टक्के. कुणाला दर पंधरा दिवसांनी रोख, कुणाला आगाऊ, कुणाला चेकने. रोकड पाकिटात घालून डॉक्टरांकडे पोचवायला माणसं नेमलेली. काही डॉक्टर तर कागदोपत्री लॅबचे सल्लागार होते. ते लॅबमध्ये कधी फिरकत नसत आणि रिपोर्टही लिहीत नसत. 100 कोटींहून जास्त उत्पन्न लपवलेलं निघालं.

बंगळुरूत नव्याने आलेली मराठी मंडळी विचारतात, इथे डॉक्टरकडे गेलं की साधारण किती लागतात? मी त्यांना आधी हा किस्सा सांगतो. कारण काउंटरवर भरलेली फी हा खर्चाचा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात स्वच्छ भाग असतो. एमआरआय 7000 रुपयांचा धरला, तर 35 टक्क्यांनी 2450 रुपये पाकिटात जातात. एवढ्यात गल्लीतल्या डॉक्टरकडे पाचसहा वेळा जाऊन होईल.

आपल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगभर ओळखले जातात. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2013 मध्ये त्यांनी एक पेशंट एमआरआयला पाठवला आणि काही दिवसांनी त्यांच्या नावाने 1200 रुपयांचा चेक आला. त्यांनी थेट वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. आपल्याकडे याला सरळ ‘कट’ म्हणतात आणि बहुतेक वेळा त्यावर कुणी ब्र काढत नाही. चेक हातात धरून तक्रार करणारा डॉक्टर म्हणूनच मला फार मोठा वाटतो. पुण्याच्या डॉ. अरुण गद्रे यांनी अशाच डॉक्टरांना बोलतं करून ‘कैफियत’ लिहिली. मोठ्या हॉस्पिटलांत ओपीडीतल्या पेशंटपैकी किती जण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचले याचा हिशेब ठेवतात आणि तो कमी पडला की डॉक्टरला बोलावून घेतात, हे त्या डॉक्टरांच्याच तोंडून बाहेर आलं. एका तज्ज्ञाला तर हे प्रमाण 40 टक्क्यांवर न्या, असं सांगण्यात आलं होतं.

आता प्रत्यक्ष भेटीकडे येऊ. जयनगर, मल्लेश्वरमसारख्या जुन्या वस्त्यांत अजून फॅमिली डॉक्टर आहेत. त्यांची फी साधारण 200 ते 500. कॉर्पोरेट हॉस्पिटलात तज्ज्ञाला दाखवायचं तर 800 ते 1500, शिवाय पहिल्या खेपेला नोंदणीचे शंभर-दोनशे. पैसे आधी भरायचे, मग टोकन. त्यानंतर नर्स वजन, बीपी, ताप बघते आणि तुम्ही बाहेर खुर्चीत बसता. अपॉइंटमेंट अकराची असली तरी बारा वाजतात, आणि आत गेल्यावर दहा मिनिटं मिळाली तर खूप झालं. एवढ्या वेळात ‘कधीपासून दुखतंय’ हेच नीट सांगून होत नाही. म्हणून घरीच एका कागदावर त्रास, तारखा आणि चालू गोळ्या लिहून न्या. डॉक्टरही वैतागत नाहीत, उलट त्यांचं काम सोपं होतं. ठरावीक दिवसांत पुन्हा दाखवलं तर बहुतेक ठिकाणी फी घेत नाहीत किंवा कमी घेतात. मात्र मुदत कुठे पाच दिवसांची, कुठे सात, तर कुठे पंधरा, आणि ती पावतीवर अगदी बारीक अक्षरात असते. फी भरतानाच ती विचारून घ्यावी. ऑफिसच्या मेडिक्लेमवर विसंबू नका. बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात, ओपीडीचा खर्च खिशातूनच जातो.

खरा खर्च केबिनमधून बाहेर पडल्यावर सुरू होतो. चिठ्ठीवर चार तपासण्या असतात. लॅब त्याच मजल्यावर, औषधांचं दुकान तळमजल्यावर. काउंटरवरची मुलगी नम्रपणे विचारते, ‘सर, बिलिंग करू?’ आणि आपण मान डोलावतो. तिचं काही चुकत नाही, ते तिचं काम आहे. पण तपासणी तिथेच केली पाहिजे, अशी सक्ती तुमच्यावर नसते. डॉक्टरांना विचारा, यातली आजच करायलाच हवी अशी कोणती, आणि थांबता येईल अशी कोणती? चांगला डॉक्टर या प्रश्नाने कधी दुखावत नाही.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 2002 च्या वैद्यक परिषदेच्या आचारसंहितेत लिहिलंय की डॉक्टरने आपली फी दवाखान्यात फलकावर लावावी, उपचारांच्या आधी सांगावी आणि पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घेऊ नये. पेशंटने आपले कागद मागितले तर ते 72 तासांत द्यावेत. हा शेवटचा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण कागद हातात नसले तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेताच येत नाही. बंगळुरूची प्रॅक्टो ही कंपनी 2008 मध्ये दोन विद्यार्थ्यांनी काढली, तीही याच अडचणीतून: एकाच्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, परदेशातल्या डॉक्टरचं मत हवं होतं, आणि पाठवता येतील असे रिपोर्टच मिळेनात.

छापे पडले त्याच महिन्यात बेळगावात वेगळंच नाट्य चाललं होतं. सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरलेलं. आरोग्यमंत्री रमेश कुमार यांनी खासगी रुग्णालयांचे दर सरकारने ठरवावेत, तक्रार निवारणाची व्यवस्था असावी, असं विधेयक आणलं होतं. राज्यभरातून डॉक्टर बेळगावला धरण्याला आले. ओपीडी बंद पडल्या, पेशंटचे हाल झाले आणि उच्च न्यायालयाला मध्ये पडावं लागलं. शेवटी कायदा झाला तो बराच बोथट होऊन. तरी दोन गोष्टी वाचल्या: अत्यवस्थ रुग्णाकडे आधी पैसे भरा म्हणायचं नाही, आणि थकलेल्या बिलापोटी मृतदेह अडवून ठेवायचा नाही. मूळ विधेयकात तुरुंगवासाची तरतूद होती, तिच्या भीतीने डॉक्टर बिथरले, हे समजण्यासारखं आहे. पण दर ठरवण्याला विरोध मला आजही पटत नाही.

याच राज्यात दुसरी उदाहरणंही आहेत. मंड्याचे डॉ. शंकरे गौडा वर्षानुवर्षं 5 रुपयांत त्वचारोगाचे पेशंट तपासत आले. जयदेव हृदयरोग संस्थेत डॉ. सी. एन. मंजुनाथ यांनी ‘आधी उपचार, पैसे नंतर’ हा शिरस्ताच पाडला. महाराष्ट्रातल्या ‘आपला दवाखाना’सारखी कर्नाटकात डिसेंबर 2022 पासून ‘नम्म क्लिनिक’ सुरू झाली. ताप-खोकला, रक्तदाब, साखर यांसाठी तिथे तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. आयटीतली मराठी मुलं तिकडे जायला संकोचतात. तो संकोच सोडायला हवा.

तेव्हा पुढच्या वेळी काउंटरवर पैसे काढण्याआधी विचारा, ‘कन्सल्टेशन एष्टु?’ म्हणजे फी किती? पैसे दिले की म्हणा, ‘रसीदि कोडि’, म्हणजे पावती द्या. पावती, चिठ्ठी आणि प्रत्येक रिपोर्ट एकाच फाइलमध्ये ठेवा. आणि प्रामाणिक डॉक्टर भेटला तर त्याची फी घासाघीस न करता द्या. ती त्याच्या कष्टाची आहे आणि ती मिळाली तरच त्याला पाकिटाला नाही म्हणता येईल.