शिडांवर विसंबलेले आरमार

इसवी सनपूर्व 56 मध्ये, आजच्या फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर, वेनेती या केल्टिक जमातीची सुमारे 220 जहाजे ज्युलियस सीझरच्या आरमाराला सामोरी गेली. ओकच्या लाकडाची, अंगठ्याएवढ्या जाड लोखंडी खिळ्यांनी आडव्या तुळया ठोकलेली आणि चामड्याची शिडे लावलेली ही जहाजे इतकी भक्कम होती, की रोमन जहाजांच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, धडकही ती सहज पचवीत. शिवाय उंच काठांवरून केल्टिक योद्ध्यांनी फेकलेली अस्त्रे खालच्या शत्रूवर अधिक जोराने आदळत. अखेर सीझरच्या आरमाराचा प्रमुख डेसिमस ब्रुटस याच्या सैनिकांनी लांब काठ्यांना बसवलेल्या धारदार आकड्यांनी शिडांचे दोर कापले, आणि निसटू पाहणारी उरलेली जहाजे वारा पडताच जागीच खिळली. अशा कसबी दर्यावर्दींचे स्वातंत्र्य त्या पडलेल्या वाऱ्याबरोबरच मावळले.