पुंगळीची वाढती मान

रायफल झाडली की गोळी जाते, दारू जळते, बुडातली टोपी फुटते. मागे राहते ती पितळेची पुंगळी. काडतुसाचा सहसा सर्वांत महाग भाग हाच, आणि पुन्हा कामाला येणाराही हाच. म्हणून अमेरिकेत असंख्य नेमबाज आणि शिकारी घरच्या बाकावर रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरतात. तिथे हा छंद कायदेशीर आहे आणि जुनाही. कनेक्टिकटची आयडियल कंपनी एकोणिसाव्या शतकातच त्याची अवजारे विकत होती.

दारूचे वजन चुकता कामा नये, हे कोणालाही पटते. पुंगळीची लांबी मात्र दुर्लक्षित राहते, आणि घात तिथेही होऊ शकतो.

पुंगळीला बूड असते, अंग असते, खांदा असतो आणि गोळी धरणारी मान असते. बार उडताच पितळ फुगून चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीच्या, भिंतीला घट्ट चिकटते, पण बूड मागे बोल्टवर रेटले जाते. त्यामुळे बुडाच्या किंचित वर भिंत ताणली जाते. पुढच्या खेपेसाठी पुंगळी मूळ आकारात आणायची म्हणून ती पोलादी डायमध्ये दाबतात. अंग आवळले की पितळ वाट काढते ती पुढे, मानेकडे. डायमधला मान रुंद करणारा गोळा तिच्यातून बाहेर ओढला जातो तेव्हा मान आणखी थोडी लांबते. म्हणून माप घ्यायचे ते डायमधून काढल्यावरच. आधी घेतलेले माप फसवते.

१९०६ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले थर्टी-ऑट-सिक्स काडतूस घ्या. त्याच्या पुंगळीची कमाल लांबी २.४९४ इंच आणि छाटून आणायची लांबी २.४८४ इंच. फरक दहा थाऊ (इंचाचे दहा हजारांश), म्हणजे पाव मिलिमीटर. एवढ्याशा पितळेचे काय, असे वाटेल. पण चेंबरमध्ये मानेची जागा जिथे संपते तिथे पायरी असते. लांबलेल्या पुंगळीचे तोंड त्या पायरीत घुसते आणि गोळीभोवती आवळले जाते. मग बार उडताना तोंडाला मोकळे व्हायला जागा उरत नाही, गोळी सहज सुटत नाही आणि आतला दाब धोकादायक पातळीपर्यंत चढू शकतो. तोही नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर.

छाटण्याचे काम पाहण्यासारखे असते. पुंगळीचे बूड पकडीत बसवतात, तोंडात मार्गदर्शक दांडी घालतात आणि हाताने पाते फिरवतात. सोनेरी कीस पडू लागतो. पाते अडथळ्याला टेकले की कीस थांबतो, माप आले. तोंडावर बोट फिरवले तर बर, म्हणजे खरखरीत कड, लागते. ती आतून-बाहेरून चॅम्फर मारून काढायची. हलक्या हाताने दोन-तीन वळसे पुरतात. जास्त फिरवले तर तोंडाची सुरी होते. ली कंपनीच्या साध्या छाटणीच्या अवजारात तर माप ठरवायचेच नसते: दांडीची लांब सुई टोपीच्या भोकातून आरपार जाऊन खाली टेकते आणि पाते आपोआप थांबते.

ही सुई खडकीच्या जुन्या पुंगळीत मात्र चालत नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. बुडावर 'के एफ' छाप असलेली त्याची थ्री-नॉट-थ्री काडतुसे बर्डन पद्धतीची असतात. त्यांत मधोमध एक भोक नसते, टोपीच्या खळगीतल्या ऐरणीच्या दोन बाजूंना दोन बारीक भोके असतात. या पद्धतीचा जनक बर्डन अमेरिकी होता आणि दुसऱ्या पद्धतीचा बॉक्सर इंग्रज, तरी अमेरिकेने मधल्या भोकाची बॉक्सरची पद्धत उचलली आणि पुन्हा भरणे सोपे झाले.

डायमध्ये दाबल्याने पुंगळी नुसती लांबत नाही; पितळ ठोकले, दाबले की कडकही होते. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर तांबे ठोकता ठोकता मध्येच भट्टीत घालतो, ते याचसाठी. पुंगळीच्या मानेलाही तसा ताव देऊन मऊ करतात. बुडाला आच लागू द्यायची नाही, कारण सारा दाब तेच पेलते. कडक पितळेतला उरलेला ताण किती वाईट, हे हिंदुस्थानातच उघड झाले होते. पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या ब्रिटिश लष्कराच्या काडतुसांना भेगा पडत. घोड्यांच्या मूत्रातला अमोनिया आणि पितळेतला ताण यांनी मिळून ते घडते, हा खुलासा १९२१ साली झाला.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट छाटणीच्या पलीकडची आहे. मानेवरून काढलेला कीस आला कुठून? नवे पितळ कुठून येत नाही. ते खालून सरकत आलेले असते आणि तेवढी बुडाजवळची भिंत पातळ झालेली असते. लांबी बरोबर आली म्हणजे पुंगळी निरोगी झाली, असे नव्हे. थ्री-नॉट-थ्रीत हे लवकर कळते: ते काडतूस मागच्या काठावर टेकते, ली-एनफील्ड रायफलच्या चेंबरमध्ये खांद्याकडे ऐसपैस जागा असते आणि बोल्ट मागच्या बाजूला अडकत असल्याने थोडा लवचतो. पुंगळी ताणली जाते आणि फार काळ टिकत नाही.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे हा छंद इथला नाही. पण अमेरिकेतल्या मराठी वाचकांपैकी कोणी पुंगळ्या भरत असेल, तर एक विनंती. कॅलिपरसोबत टोक वाकवलेली बारीक तार ठेवा आणि प्रत्येक पुंगळीच्या आतून, बुडाजवळ फिरवा. तार खाचेत अडखळली किंवा बाहेर चकचकीत कडे दिसले, तर लांबी कितीही अचूक असो, ती पुंगळी चिमट्याने चेपून भंगारात टाका.