पाणी उकळते, पण डाळ शिजत नाही!

पाणी किती अंशांना उकळते, असा प्रश्न परीक्षेत आला तर तुम्ही काय लिहाल? १०० अंश सेल्सिअस. अगदी बरोबर, गुण मिळतील. मी गेली वीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि मीही या उत्तराला गुण देतो. पण लेहमधल्या एका घरात, शेगडीवरच्या पातेल्यात मी तापमापक बुडवला तेव्हा पाणी खळखळ उकळत होते आणि पारा ८८ व ८९ यांच्या मध्ये येऊन थांबला होता. जाळ मोठा केला. पाणी जास्त उड्या मारू लागले, पण पारा काही वर सरकेना. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आमा-ले (लडाखी भाषेत आईला असे म्हणतात) माझ्याकडे पाहून हसत होत्या. एवढा शिकलेला माणूस काचेची कांडी घेऊन पातेल्यात काय शोधतो आहे, असे त्यांना वाटले असावे!

त्यांच्या स्वयंपाकघरात प्रेशर कुकर होता. कुकर नसेल तर डाळ तासन्तास उकळते, पण शिजत नाही, असे त्या म्हणाल्या. याचे कारण मला सांगता येत होते. आणि त्याच कारणाने दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याच्या जिवावर बेतायची वेळ आली, तेव्हा मात्र ते माझ्या ध्यानात आले नाही. ही हकिगत म्हणूनच तुम्हाला सांगणार आहे.

हवेच्या समुद्राचा तळ

आपण हवेच्या एका अथांग समुद्राच्या तळाशी राहतो. हवेला वजन असते. समुद्रकिनाऱ्यावर एक चौरस सेंटिमीटर जागेवर जो हवेचा खांब उभा आहे, त्याचे वजन सुमारे एक किलोग्रॅम भरते. हा दाब ७६० मिलिमीटर उंचीच्या पाऱ्याला तोलून धरतो. आपण डोंगर चढू लागलो की डोक्यावरचा खांब आखूड होतो आणि दाब कमी होतो. ही गोष्ट प्रयोगाने दाखवली गेली ती १९ सप्टेंबर १६४८ या दिवशी. फ्रान्समधील पास्कल या शास्त्रज्ञाने आपल्या मेहुण्याला, पेरिए याला, पाऱ्याची नळी घेऊन प्यूय द डोम नावाच्या डोंगरावर जायला सांगितले. पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर खाली आला होता.

प्यूय द डोम १५०० मीटरही उंच नाही. आपल्या कळसूबाईपेक्षा लहानच. लेह ३५०० मीटर उंचीवर आहे. तेथे उन्हाळ्यात हवेचा दाब ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे मुंबईच्या दोन तृतीयांश.

आता उकळण्याचे पाहू. पाणी तापले की त्याच्या वाफेचा दाब वाढत जातो. हा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा झाला की पाण्याच्या पोटात बुडबुडे तयार होऊ लागतात. यालाच आपण उकळणे म्हणतो. बाहेरचा दाब कमी असेल तर ही वेळ लवकर येते. ढोबळ हिशेब असा, की दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. डाळ शिजते ती उष्णतेने, बुडबुड्यांनी नव्हे. म्हणून ८८ अंशांच्या पाण्यात ती कच्ची राहते. कुकरच्या शिट्टीचे वजन आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे एका वातावरणाने वाढू देते. त्यामुळे लेहमध्येही कुकरमधले पाणी सुमारे ११५ अंशांपर्यंत तापते आणि वरण मऊ होते.

दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला

ही गोष्ट जून २०२२ मधली. माझा भाचा नुकताच दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. कबड्डी खेळणारा, कळसूबाई कुठेही न टेकता चढलेला मुलगा. दिल्लीहून सकाळच्या विमानाने आम्ही तासाभरात लेहला उतरलो. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्या, असे सर्वांनी बजावले होते. पण रजा मोजकी होती. आणि खारदुंग ला या खिंडीत, ५३५९ मीटर उंचीवर पाणी उकळून पाहण्याची मला घाई झाली होती. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही निघालो.

आदल्या रात्री भाच्याचे डोके दुखत होते. बेत मोडेल म्हणून तो बोलला नाही. डोके माझेही दुखत होते. मी गोळी घेतली आणि गप्प बसलो.

आमच्या गाडीचे चालक पन्नाशीचे लडाखी गृहस्थ होते. त्यांना आम्ही आचो, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत होतो. लेहपासून खिंड सुमारे ४० किलोमीटर. वर पोहोचताच भाचा बर्फाकडे पळत सुटला. मी गाडीच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून पातेले चढवले. पाच-दहा मिनिटांनी पाहतो तो भाचा एका दगडावर बसलेला. त्याला उलटी झाली होती. ओठ निळसर दिसत होते.

"मामा, मी ठीक आहे. पाच मिनिटं बसतो," तो म्हणाला.

"बरं, पाणी उकळेपर्यंत बस. मग निघू," मी म्हणालो.

हे वाक्य मला आजही टोचते.

आचो मात्र त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी त्याला उभे केले. जमिनीवर बुटाने एक रेघ ओढली आणि तिच्यावरून, टाचेला चवडा लावत, चालायला सांगितले. तीन पावलांत त्याचा तोल गेला. आचोंनी काही विचारले नाही. पातेल्यातले पाणी ओतून दिले, स्टोव्ह विझवला आणि मला म्हणाले, "सर, बसा. खाली जायचं."

अर्ध्या वाटेवर भाचा बोलू लागला. लेहच्या रुग्णालयात त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. करोनाच्या साथीत तुम्ही हे चिमट्यासारखे यंत्र पाहिले असेलच. रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती हिमोग्लोबिन प्राणवायूने भरलेले आहे, हे ते टक्क्यांत दाखवते. आपल्याकडे निरोगी माणसाचा आकडा ९५ च्या वर असतो. भाच्याचा आकडा होता ७०. डॉक्टरांनी प्राणवायूची नळी लावली आणि मला एकच प्रश्न विचारला, "लेहला येऊन किती तास झाले होते?" मी मोजून सांगितले, सव्वीस.

संध्याकाळी भाच्याला बरे वाटू लागले. तो म्हणाला, "मामा, ती बाटली बघ." खिंडीत पाणी पिऊन त्याने प्लॅस्टिकची रिकामी बाटली बूच लावून पिशवीत ठेवली होती. ती आता चेपून गेली होती. वरची ४०० मिलिमीटर दाबाची हवा बाटलीत अडकली आणि लेहच्या ५०० मिलिमीटर दाबाने तिचा पाचवा हिस्सा आत दाबला. माझा प्रयोग राहिला होता. त्याचा झाला होता!

मग प्राणवायू कमी होतो म्हणजे काय?

पुष्कळांना वाटते की उंचावर हवेतला प्राणवायूचा वाटा घटतो. तसे नाही. मुंबईत १०० रेणूंमागे सुमारे २१ रेणू प्राणवायूचे. खारदुंग लालाही तितकेच. पण एका श्वासात येणारे एकूण रेणूच तेथे जवळजवळ निम्मे असतात.

थोडे गणित करू. आपण घेतलेली हवा श्वासनलिकेत ओली होते. शरीराच्या उष्णतेला या वाफेचा दाब ४७ मिलिमीटर असतो, आणि तो कुठल्याही उंचीवर तेवढाच राहतो. म्हणजे वाफ आपला वाटा आधीच काढून घेते; उरलेल्यातला २१ टक्के प्राणवायूचा. मुंबईत (७६० − ४७) × ०.२१, म्हणजे १५० मिलिमीटर. लेहमध्ये (५०० − ४७) × ०.२१, म्हणजे ९५. खारदुंग लाला (४०० − ४७) × ०.२१, म्हणजे ७४. हा दाबच प्राणवायूला फुप्फुसातून रक्तात ढकलतो. तो निम्म्यावर आला की रक्त अर्धवट भरूनच पुढे जाते.

शरीर यावर उपाय करते. श्वास भराभर चालतो, नाडी वाढते. पण भराभर श्वासाने रक्तातला कर्बद्विप्राणिद वायू निघून जातो, रक्त थोडे अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला पुन्हा आवर घालतो. ही अडचण मूत्रपिंडे दूर करतात, पण त्यांना काही दिवस लागतात. लाल पेशी वाढायला तर आठवडे लागतात. दंड कितीही बळकट असले तरी या कामाचा वेग वाढत नाही. कळसूबाई पळत चढणारा मुलगा म्हणूनच रेघेवरून तीन पावले टाकू शकला नाही. मेंदूला किंवा फुप्फुसाला सूज आली तर माणूस काही तासांत दगावू शकतो.

ज्याला होते त्याला कळत नाही

१५ एप्रिल १८७५ रोजी तीन फ्रेंच माणसे 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून पॅरिसहून आकाशात गेली. बरोबर प्राणवायूच्या पिशव्या होत्या. गरज वाटली की नळी तोंडात धरायची, असा बेत होता. बलून ८००० मीटरच्या वर गेले. गरज होती; पण ती वाटलीच नाही, आणि वाटली तेव्हा हात उचलेना. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल मरण पावले. वाचलेल्या तिसांदिए याने पुढे लिहिले, की त्या उंचीवर त्याला त्रास मुळीच जाणवत नव्हता, उलट आनंद वाटत होता. हवेच्या दाबाचा शरीरावर होणारा परिणाम तपासणाऱ्या पॉल बेर यांचा मोठा ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. उंचावरच्या त्रासाचे मूळ प्राणवायूच्या घटलेल्या दाबात आहे, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले.

"मी ठीक आहे," असे भाचा म्हणाला तेव्हा तो खोटे बोलत नव्हता. प्राणवायूची उणीव ओळखायची ती मेंदूने, आणि उणीव भासत होती तीही मेंदूलाच! त्यामुळे आजाऱ्याचे म्हणणे नव्हे, त्याची चाल पाहायची असते. आचोंना हे माहीत होते. दाबाचे सूत्र मला पाठ होते, तरी मी पातेल्याकडे पाहत होतो.

दुसरी सफर

जून २०२४ मध्ये आम्ही दोघे पुन्हा गेलो, पण या वेळी रस्त्याने. श्रीनगर (१५८५ मीटर), सोनमर्ग, कारगिल (२६७६ मीटर) असे मुक्काम करत, झोजी ला आणि ४१०८ मीटरवरचा फोटू ला ओलांडून लेहला पोहोचलो. तेथे आणखी दोन दिवस काही केले नाही. रोज सकाळी ऑक्सिमीटर लावून भाचा वहीत आकडे लिहीत होता. लेहच्या पहिल्या सकाळी ८६, तिसऱ्या सकाळी ९१. त्यानंतरच आचोंना निरोप धाडला. "जुले!" म्हणून त्यांनी आधी भाच्याला गाडीभोवती एक चक्कर मारायला लावली.

खारदुंग लाला स्टोव्ह भाच्याने पेटवला. मी पातेल्याकडे नव्हे, त्याच्याकडे पाहत होतो. "मामा, ८३!" तो ओरडला. वहीत आकडा लिहिला, पाणी ओतले आणि वीस मिनिटांच्या आत आम्ही उतरायला लागलो.

तुमच्यापैकी पुष्कळजण मोठेपणी हिमालयात जातील. काही गोष्टी आताच लिहून ठेवा. विमानाने एकदम उंचावर गेलात तर पहिले दोन दिवस विश्रांती. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचे. डोके दुखले तर लपवायचे नाही. चाल बिघडली, विसावा घेऊनही धाप थांबेना, तर कशाचीही वाट न पाहता खाली उतरायचे.

आणि तोवर एक प्रयोग. महाबळेश्वरला किंवा एखाद्या उंच घाटमाथ्यावर गेलात की प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीचे बूच घट्ट लावा आणि ती घरी आणून पाहा. तुमचे गाव माथ्यापेक्षा किती खाली आहे ते शोधा आणि दर ३०० मीटरला एक अंश या हिशेबाने दोन्ही ठिकाणचा उत्कलनबिंदू काढा. मग घरी मोठ्या माणसांना जवळ बसवून, उकळत्या पाण्यात तापमापक धरून पाहा. आकडा १०० च्या थोडा अलीकडे थांबला तर घाबरू नका. तापमापक बरोबर असेल, तर उत्तरही बरोबरच आहे!