बुडणारा हातातून निसटला, तर जीवरक्षकाच्या मनाचं काय होतं?

३० जून २०२४. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एक कुटुंब एकमेकांना धरून उभं आहे, पाणी वाढतंय, आणि मग सगळे वाहून जातात. हा व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. त्या दुर्घटनेत एका महिलेसह चार मुलांचा मृत्यू झाला. व्हिडिओ काही सेकंदांचा होता. 'शिवदुर्ग मित्र'चे स्वयंसेवक आणि इतर बचाव पथकं मात्र त्यानंतर दोन दिवस पाण्यात मृतदेह शोधत होती. त्यात लहान मुलांचे मृतदेहही होते.

आपण व्हिडिओ पुढे पाठवतो, हळहळतो, दुसऱ्या दिवशी विसरतो. पाण्यात उतरलेल्या माणसाला ते इतकं सोपं नसतं.

हा प्रश्न ठाणेकरांना लांबचा वाटू नये. आपलं शहर तलावांचं. खोपटजवळ सिद्धेश्वर, थोडं पुढे मासुंदा, पलीकडे उपवन, शिवाय खाडी आणि येऊरचे ओढे. जलतरण तलावांवर जीवरक्षक असतात. तलाव-खाडीत कोणी बुडालं की अग्निशमन दल आणि ठाणे आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे टीडीआरएफ, धावतं. २१ सप्टेंबर २०२०च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत कोसळून अनेक जण गेले, तेव्हा ढिगारा उपसणाऱ्यांतही टीडीआरएफचे जवान होते.

प्रशिक्षित माणसालाही त्रास होतो का?

होतो. याची जाहीर कबुली देशाच्या सर्वात मोठ्या बचाव दलाच्या प्रमुखांनी दिली आहे. २ जून २०२३ला ओडिशात बालासोरजवळ रेल्वे अपघात झाला. काही दिवसांतच एनडीआरएफचे तेव्हाचे महासंचालक अतुल करवल यांनी एका परिषदेत सांगितलं, की तिथून परतलेल्या एका जवानाला पाणी पाहिलं की रक्त दिसतं आणि दुसऱ्याची भूकच गेली आहे. दलात समुपदेशन सुरू केल्याचंही ते म्हणाले. वर्दीतल्या मोठ्या अधिकाऱ्याने हे उघडपणे सांगणं आपल्याकडे दुर्मिळ आहे, म्हणून त्याचं मोल जास्त.

जीवरक्षकाच्या बाबतीत दोन गोष्टी आणखी अवघड असतात. एक म्हणजे सीपीआर. सिनेमात छाती दाबली की माणूस खोकून उठून बसतो. प्रत्यक्षात हृदय थांबलेल्यांपैकी बरेच जण सीपीआर अगदी बरोबर देऊनही वाचत नाहीत. पण ज्याच्या हाताखाली तो जीव गेला, त्याला वाटत राहतं, की मी दहा सेकंद आधी उडी मारली असती तर?

दुसरी गोष्ट जागेची. रस्त्यावर अपघात पाहिलेला माणूस काही दिवस तो रस्ता टाळू शकतो. जीवरक्षकाला दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर, त्याच पाण्याकडे बघत बसायचं असतं. मग क्लोरीनचा वास, शिट्टी, पोरांची आरडाओरड, यातलं काहीही तो प्रसंग डोळ्यांसमोर आणतं. कोणी गंमत म्हणून बुडी मारली तरी छातीत धडधडतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा आता जास्तच दक्ष झालाय. खरं तर तो थकत चाललेला असतो.

हे किती दिवस चालतं?

झोप न लागणं, दचकणं, चिडचिड, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा आठवणं हे सुरुवातीच्या दिवसांत जवळजवळ स्वाभाविक आहे. तो आजार नव्हे, मोठ्या धक्क्याला मनाने दिलेला प्रतिसाद आहे. बहुतेकांचं काही आठवड्यांत हळूहळू निवळतं. महिना उलटूनही त्रास तसाच राहिला किंवा वाढला, तर मात्र पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतरच्या तणाव-विकाराची शक्यता तपासून घ्यावी लागते. त्यावर चांगले उपचार आहेत. आघातावर केंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर या दोन पद्धती जगभर वापरल्या जातात.

पहिल्या महिन्यात झोपेसाठी रोज दोन पेग लावणं किंवा मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणं हे दोन्ही घातक. झोपेच्या आणि चिंतेच्या नेहमीच्या गोळ्या आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या त्रासासाठी देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला आहे.

सगळ्यांना बसवून 'मन मोकळं करा' म्हटलं तर?

इथे अनेक भल्या संस्था चुकतात. १९८०च्या दशकात अमेरिकेत एक पद्धत लोकप्रिय झाली. घटनेनंतर लगेच सगळ्या पथकाला एकत्र बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते प्रत्येकाकडून सविस्तर बोलून घ्यायचं. ऐकायला छान वाटतं. पण पुढे झालेल्या अभ्यासांत दिसलं, की अशा एकाच बैठकीने पीटीएसडी टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटना आता ही पद्धत वापरू नका असंच सांगते.

तिच्या जागी आली ती मानसिक प्रथमोपचाराची पद्धत. २०११च्या मार्गदर्शिकेत तिचे तीन शब्द आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे का, त्याला लगेच कशाची गरज आहे हे पाहायचं. बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर खोदायचं नाही. मग घरच्यांशी, मित्रांशी, गरज पडल्यास डॉक्टरांशी त्याला जोडून द्यायचं.

ब्रिटनच्या नौसैनिकांत सुरू झालेली 'ट्रिम' नावाची पद्धत याच्या जवळची आहे. त्यात प्रशिक्षण घेतलेला सहकारीच घटनेनंतर काही दिवसांनी भेटतो आणि साधारण महिन्याने पुन्हा भेटतो. ही दुसरी भेट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिल्या आठवड्यात सगळेच विचारतात, 'बरा आहेस ना रे?' महिन्याने कोणी विचारत नाही.

तरण तलावावर नेमकं काय करता येईल?

त्या दिवशी त्याला खुर्चीवरून उतरवा, दुसरा माणूस बसवा, पण त्याला एकट्याला घरी पाठवू नका. घटनेची पोलिसांत नोंद होते, जबाब द्यावा लागतो. 'माझ्यावर तर येणार नाही ना?' ही भीती अनेकदा प्रसंगाइतकीच छळते. म्हणून चौकीत त्याच्यासोबत वरिष्ठाने जावं. कामावर परतताना पहिले काही दिवस छोटी पाळी आणि जोडीला अनुभवी सहकारी द्यावा.

आता अडचणीचा मुद्दा. बरेच जीवरक्षक कंत्राटी किंवा हंगामी असतात. खाडा झाला की पगार कापला जातो. अशा माणसाला 'चार दिवस आराम कर' म्हणणं म्हणजे चार दिवसांची मजुरी सोड म्हणणं. महापालिका असो वा खासगी क्लब, कंत्राटातच अशा घटनेनंतरची भरपगारी सुट्टी आणि समुपदेशनाचा खर्च लिहिलेला नसेल, तर बाकी सगळ्या सूचना कागदावरच राहतात.

आणि आपण? मृतदेह बाहेर काढतानाचा व्हिडिओ, खाली 'लाइफगार्ड झोपले होते का?' ही कमेंट. ती तो जीवरक्षकही वाचतो, त्याची बायको-मुलंही वाचतात. चौकशी व्हायलाच हवी, पण ती तीस सेकंदांच्या क्लिपवरून होत नाही.

मदत कुठे मिळेल?

'याला ठाण्याला पाठवा' ही थट्टा आपण लहानपणापासून ऐकली आहे. ज्याच्यावरून ती आली, ते प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१पासून इथे आहे आणि तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्थाही ठाण्यातच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७नुसार सरकारी सेवेत असे उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे.

बाहेर जायचा संकोच वाटत असेल, तर टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. जीवरक्षकाच्या घरच्यांनीही हा फोन लावायला हरकत नाही. रात्री तीन वाजता तो जागा आहे, हे अनेकदा त्यांनाच आधी कळतं.