सभागृह आहे, सभेचं काय?

फिनलंडमधल्या साय्नात्सालो या जेमतेम तीन हजार वस्तीच्या गावाची नगरपालिका १९५२ मध्ये बांधून झाली. आधुनिक वास्तुकला शिकणाऱ्यांना ती आजही अभ्यासावी लागते. वास्तुकार अल्वार आल्तो यांनी लाल विटांच्या या इमारतीत एका चौकाभोवती कचेऱ्या, ग्रंथालय, दुकानं आणि राहती घरंही बसवली. किराणा घ्यायला आलेल्याला सभागृह परकं वाटू नये, हा त्यातला हिशेब. चिंचोळ्या, अंधाऱ्या जिन्यानं वळण घेत वर जावं, तर सभागृहाचं छत एकदम १७ मीटरवर! एवढ्याशा गावाला एवढी उंची कशाला, अशी कुरकुर झाली तेव्हा आल्तोंनी इटलीतल्या सिएनाच्या उंच सभागृहाकडे बोट दाखवलं, असं सांगतात.

वऱ्हाडात अशी वास्तू नाही म्हणून हळहळण्याचं कारण नाही. १८९७ मध्ये काँग्रेसचं तेरावं अधिवेशन अमरावतीत भरलं. १९२७ च्या नोव्हेंबरात अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, ती इंद्रभुवन थिएटरात, म्हणजे चक्क नाटकगृहात. विषय जिव्हाळ्याचा असला की लोक जागा शोधून काढतात. उलट मार्च २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला महापालिकांची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे राहिला. सभागृहं जागेवरच होती, त्यांत बसणारे नगरसेवक तेवढे नव्हते. साय्नात्सालोचंही तेच झालं. १९९३ मध्ये गाव शेजारच्या शहरात विलीन झालं, परिषद गेली आणि इमारत बघायला पर्यटक येऊ लागले. नगरभवनाचा जीव वास्तूपेक्षा तिथे होणाऱ्या निर्णयांत असतो, असं माझं मत त्यामुळेच.

मग चांगल्या इमारतीची गरजच काय, असं कोणी विचारेल. गरज आहे, कारण निर्णय लोकांच्या नजरेसमोर व्हायला जागा लागते. महापालिकेची सर्वसाधारण सभा एरवी नागरिकांना खुली असते, पण हे ठाऊक किती जणांना? साडेसहा लाखांच्या अमरावतीला तीन हजारांच्या गावाचा कित्ता चालणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच एका भव्य भवनापेक्षा झोन कार्यालयं हाताशी धरावीत. घरपट्टी भरायला नि जन्माचा दाखला घ्यायला माणूस तिथे येतोच. त्याच खिडकीशेजारी सभेची विषयपत्रिका लावावी, लागून वाचनालय असावं. आणि अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा सभा दुपारी नव्हे, दिवेलागणीनंतर घ्यावी.